टवाळकीचा हक्क

शाळा बुडवायची, बसच्या मागे फुकट लटकायचं, लिंकन पार्कच्या प्राणिसंग्रहालयात माकडचेष्टा करायच्या आणि तिथल्या गोरिलाने विष्ठा फेकून मारली की एकमेकांना हसत सुटायचं. 'कूली हाय' (१९७५) या सिनेमातल्या पोरांचा हा दिनक्रम. काळ १९६४चा, जागा शिकागोतली कॅब्रिनी-ग्रीन ही सरकारी घरांची वस्ती. पटकथाकार एरिक मॉन्टी तिथेच वाढलेला, त्यामुळे मायकल शुल्ट्झच्या या सिनेमात गरिबीचं प्रदर्शन नाही. गरिबी आहे, पोरांना तिचं कौतुक नाही, इतकंच.

त्या वेळी काळ्या माणसाला पडद्यावर यायचं तर 'शाफ्ट' सिनेमासारखी बंदूक तरी हवी, नाहीतर 'सुपर फ्लाय'सारखा कोकेनचा धंदा तरी. इथे प्रीच चोरून कविता लिहितो आणि कोचीस बास्केटबॉल खेळतो. मागे मोटाउनची गाणी. बाकी वेळ निव्वळ वाया. तो वाया घालवण्याचा हक्क गोऱ्या पोरांना 'अमेरिकन ग्राफिटी'ने दोनच वर्षांपूर्वी बिनबोभाट दिला होता.

पन्नास वर्षं उलटली आहेत, तेव्हा शेवट सांगायला हरकत नाही. चोरीच्या गाडीत बसल्यामुळे प्रीच आणि कोचीस पकडले जातात. मेसन मास्तर पोलिसांकडे शब्द टाकून दोघांना सोडवतात. आत राहिलेल्या, गाडी चोरणाऱ्या पोरांना वाटतं, यांनीच नावं सांगितली. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळालेला कोचीस त्यांच्या मारहाणीत मरतो. मास्तरांच्या चांगुलपणातूनच हे घडतं, म्हणून ते जास्त लागतं. खलनायकावर राग काढून मोकळं होण्याची सोय शुल्ट्झ ठेवत नाही.

पुढे जॉन सिंगल्टनच्या 'बॉइझ एन द हूड'ने (१९९१) हीच वाट धरली. तो सिनेमा थोर आहेच. पण त्यानंतर आलेल्या अनेकांनी या परंपरेतला मृत्यू तेवढा उचलला आणि दंगा मागे ठेवला. काळ्या मुलाचं वयात येणं म्हणजे गोळीची वाट पाहणं, असा साचाच पडला. माझ्या मते यात सिनेमाचं नुकसान झालंच, त्या मुलांचं अधिक झालं.

कॅब्रिनी-ग्रीनचा शेवटचा टॉवर २०११मध्ये पाडला गेला. २०२१मध्ये 'कूली हाय' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. मिळाला तर जरूर पाहा. फक्त 'कथा कधी सुरू होणार' म्हणून पहिला तास पळवू नका.