आमच्या दुधाला भाव नसताना पावडर कुणासाठी?

मा. केंद्रीय वाणिज्यमंत्री महोदय,


अकोले तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाचं हे पत्र. राग आहेच, त्याहून जास्त वाईट वाटलं आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या मुक्त व्यापार करारातून बाहेर राहिला. न्यूझीलंडचं दूध आता येणार नाही, या बातमीनं आम्हाला केवढा आधार वाटला होता! सातच महिन्यांनी, जून २०२० मध्ये, टाळेबंदीत हॉटेलं बंद आणि दूध वीस रुपयांच्या आसपास घसरलेलं असताना, तुमच्या मंत्रालयानं १०,००० टन दूध पावडर १५ टक्के शुल्कात आणायला परवानगी दिली. एरवी हे शुल्क ६० टक्के असतं.

२६ जून २०२४ ला पुन्हा तेच. तेव्हा ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (स्निग्धांशाखेरीज घन घटकांच्या) दुधाचे पंचवीस-सत्तावीस रुपये हातात पडत होते. पेंड, चारा आणि डॉक्टर यांतच ते संपत. पावडरीला उठाव नाही, असं डेअरीवाले सांगत होते. राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागत होतं. जुलैत आमच्याच तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी ४० रुपये भावासाठी धरणं धरून बसले.

एक किलो पावडरीला अकराएक लिटर दूध लागतं. म्हणजे १०,००० टनांमागे सुमारे अकरा कोटी लिटरची जागा एका आदेशानं परदेशाला देऊ केलीत. माल येवो न येवो, भाव पाडायला खरेदीदाराला तेवढं निमित्त पुरतं.

आयातीला आमचा सरसकट विरोध नाही. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड ही दूधवाढीची मोहीम सुरू झाली, तीच देणगीत आलेल्या परदेशी पावडरीवर आणि बटर ऑइलवर. पण तेव्हा देशात दूध कमी होतं. तो देणगीचा माल विकून आलेला पैसा मोहिमेचे शिल्पकार कुरियन यांनी सहकारी दूध संघ आणि प्रक्रिया प्रकल्प उभे करायला लावला. बाहेरच्या मालातून इथला उद्योग उभा राहिला. इथलीच पावडर पडून असताना बाहेरची बोलावली, तर तोच उद्योग मोडेल. परवडत नाही म्हणून गाय विकलेला शेतकरी सहसा पुन्हा गाय घेत नाही. मग संकलन केंद्र, टँकर, प्रकल्प आणि तिथल्या पोरांच्या नोकऱ्या कशावर चालणार?

मागणी एवढीच आहे. पुढच्या परवानगीवर सही करण्याआधी देशातला पावडरीचा साठा आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव, हे दोन आकडे जाहीर करा. साठा असेल आणि भाव खर्चाखाली असेल, तर सही करू नका.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. अकोले