अब्बा विसरतात तेव्हा

जोहरची नमाज पढून उठलेले अब्बा पाच मिनिटांत पुन्हा वजूला बसतात. सून म्हणते, ‘अब्बा, झाली ना नमाज!’ आणि कुरबूर सुरू होते. आपण ‘म्हातारपण’ म्हणतो, कुणी ‘असर’ म्हणतो. पण रोजचे व्यवहार अडू लागले तर तो डिमेन्शिया असू शकतो, म्हणजे मेंदूचा आजार. आधी डॉक्टरांना दाखवावे.

सांभाळ करणाऱ्या घरच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयसपोर्ट’ हे प्रशिक्षण तयार केले. त्यात 5 भाग आणि 23 धडे आहेत. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये ते भारतीय कुटुंबांसाठी जुळवून घेतले गेले, कारण नुसते भाषांतर पुरत नाही. धड्यातले घर आपले वाटले पाहिजे.

आपल्या घरातला धडा कसा असेल? वाद न घालता अब्बांना पुन्हा नमाज पढू द्यावी, नाहीतर हाती तसबीह द्यावी. मगरिबच्या सुमारास बेचैनी वाढत असेल तर दिवे आधीच लावावेत. अंघोळीला मुलाने किंवा नातवाने हात द्यावा, म्हणजे अब्बांना शरम वाटणार नाही. रमजानात रोज्यासाठी गोळी नाकारली तर डॉक्टर आणि आलिम, दोघांना विचारावे. समजच गेलेल्यावर रोजा फर्ज नसतो.

त्या 5 भागांतला एक सांभाळणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी यावर आहे. आपण नेमका तोच वगळतो. खिदमतीत सवाब आहे, म्हणून सगळी एकट्या सुनेवर टाकायची का? आठवड्यातून एक दुपार दीराने, नणंदेने येऊन बसावे. वाटून घेतल्याने सवाब कमी होत नाही.