बाणात दडलेलं आर्किटेक्चर

एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या सादरीकरणात दोन चित्रं हमखास असतात. डावीकडे आजची गुंतागुंत, उजवीकडे तीन वर्षांनंतरची नीटनेटकी चौकट, आणि मध्ये एक जाड बाण. या बाणाच्या पोटात काय आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: एका शनिवार-रविवारी जुनं बंद, नवं सुरू. दोन प्रणाली शेजारी शेजारी चालवायच्या म्हणजे दुहेरी खर्च आणि रोजची ताळमेळाची कटकट. शिवाय ‘तात्पुरती’ जोडणी दहा वर्षं हलत नाही. आणि लोक काय, कुरकुर करणारच.

यातला तात्पुरत्या जोडणीचा मुद्दा खरा आहे. दुहेरी खर्चाच्या मुद्द्याची परीक्षा ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं स्वतःच्या खर्चानं घेतली. एप्रिल 2018मधल्या एका शनिवार-रविवारी तिनं लॉइड्स बँकेची जुनी प्रणाली सोडून तेव्हाची मालक सबाडेल बँकेनं उभारलेली नवी प्रणाली धरली. गंमत म्हणजे, माहिती बिनचूक गेली! कोसळला तो नवा डोलारा. ग्राहकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. नंतरच्या चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटरांपैकी भारचाचणी एकाचीच झाली होती. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. भरपाई 3 कोटी 27 लाख पौंड, वर नियामकांचा दंड सुमारे 4 कोटी 86 लाख. दुहेरी खर्चाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

याउलट आपली स्टेट बँक. 1 एप्रिल 2017ला पाच सहयोगी बँका तिच्यात विलीन झाल्या. त्या आधीपासूनच एका कोअर बँकिंग प्रणालीवर होत्या, म्हणजे अवघड काम विलीनीकरणाच्या आधीच उरकलं होतं. तरीही माहितीची जुळवणी एका रात्रीत न करता बँकेगणिक टप्प्यांनी केली. पुढे तेराशेच्या आसपास शाखांचे आयएफएससी कोड बदलले, तेव्हा जुना कोड टाकून आलेले पैसे परत न जाता नव्या कोडवर वळावेत, अशी जोडणीही आतून ठेवली. पगारपत्रकात कुणी जुना कोड ठेवून दिला असेल, हे तिथं गृहीत धरलेलं होतं. मी आर्किटेक्चर म्हणतो ते याला. चौकटी काय, कुणीही काढेल.

राहिली कुरकुर. नवी प्रणाली आल्यावरही काउंटरवरचा माणूस गुपचूप एक्सेलमध्ये नोंदी ठेवतो, तेव्हा त्याला प्रशिक्षणाला पाठवायची घाई होते. आधी ती फाइल उघडून पाहावी. नव्या प्रणालीत न सापडलेला रकाना बहुधा तिथं सापडतो.

टोगॅफसारखी एंटरप्राइझ आर्किटेक्चरची पद्धतही मधल्या टप्प्यांची स्वतंत्र आर्किटेक्चर मांडायला सांगते. आपल्याकडे तेवढीच पानं गाळली जातात. तात्पुरत्या जोडणीची भीती असेल, तर ती ज्या दिवशी मंजूर होते त्याच दिवशी ती काढायची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव नोंदवावं. तारीख उलटली की पुढचा खर्च त्याच्या विभागाच्या खात्यावर टाकावा.