मिरजेची वाट

१८ ऑगस्ट ही थोर गायक पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांची जयंती. १८७२ साली नारळी पौर्णिमेला कुरुंदवाडला जन्मलेला हा मुलगा चारचौघांसारखा शाळेत जात होता. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे अभंग-पदे कानावर पडत होती, इतकेच. मग एक दिवस तोंडाजवळ फटाका फुटला. चेहरा भाजला आणि दृष्टी जन्मभरासाठी अधू झाली. अक्षरे दिसेनात तिथे शाळा कसली? उपचारांसाठी त्याला मिरजेला नेले. डोळे काही सुधारले नाहीत, पण त्याच गावात पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत होते.

पुढचा इतिहास ठाऊक असल्यामुळे ‘झाले ते बऱ्यासाठीच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. फटाक्याने त्या मुलाला गाणे दिले नाही, डोळे तेवढे नेले. गाणे दिले ते बाळकृष्णबुवांनी. ग्वाल्हेरला जाऊन, कष्ट सोसून मिळवलेली ख्याल गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली होती आणि ती या अधू डोळ्यांच्या पोरापुढे मोकळी केली. मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांनी आश्रय दिला. आघात माणसाला एका वाटेवरून ढकलून देतो. दुसरी वाट दाखवायला मात्र माणसेच लागतात. हे विसरून आपण आपत्तीचेच गोडवे गाऊ लागलो, तर ज्यांना अशी माणसे भेटली नाहीत त्यांच्यावर अन्याय होतो.

मिरजेत काही वर्षांच्या तालमीने गळा तयार झाला. संस्थानिकांची मर्जी होती. तिथेच राहिले असते, तर विष्णुबुवा एक मान्यवर दरबारी गवई म्हणून सुखाने जगले असते. पण त्यांना दुसरा घाव बसला, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. गावातल्या एका समारंभाचे आमंत्रण त्यांना आले, गुरुजींना नाही. कारण विचारले तेव्हा जे कळले त्याचा अर्थ एवढाच होता, की बुवा कितीही थोर असले तरी शेवटी गवईच! विष्णुबुवांना बोलावले होते ते संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून. म्हणजे अपमान त्यांचा झालाच नव्हता. त्यांना तर मानाचे पान मिळाले होते. तरीही तो त्यांना स्वतःचा वाटला. आपले गाणे चांगले व्हावे एवढीच आस असलेला शिष्य त्या दिवशी बदलला. गाणाऱ्या माणसाला समाजात ताठ मानेने बसता यावे, हा ध्यास त्याला लागला. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

आश्रयाची छाया सोडून निघालेला, नीट न दिसणारा चोविशीतला तरुण गावोगाव फिरत राहिला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबाराबाहेरच्या कोणालाही पैसे मोजून मानाने बसता येईल, अशी ती बैठक होती. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. घराण्याच्या उंबऱ्याआड जपलेली विद्या तिथे वर्गात, अभ्यासक्रमाने, छापील स्वरलिपीतून मिळू लागली. ज्याला वाचणे कठीण, त्याने इतरांसाठी संगीताची पुस्तके काढली, हे मला फार मोठे वाटते. भल्या घरच्या मुलींनी गाणे शिकण्यात कमीपणा नाही, हे लोकांच्या गळी उतरवण्यातही या विद्यालयाचा मोठा वाटा आहे.

तिसरा आघात उतारवयातला. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले, पुढे इमारत उभी राहिली, आणि तिच्या कर्जापायी तिचाच लिलाव झाला. या वेळी सगळे सावरले, असे म्हणता येत नाही. ती वास्तू गेली ती गेलीच. बुवा रामनामाकडे वळले, नाशिकला आश्रमात राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी, जिथून निघाले होते त्याच मिरजेत त्यांनी देह ठेवला.

असे आघात आजही होतात. आपल्याकडे परीक्षेच्या निकालाच्या दिवशी घराघरांत दारे बंद होतात. अपघातात हात-पाय गमावलेल्या मुलाला ‘आता हा काय करणार’ हे वाक्य त्याच्यादेखत ऐकावे लागते. त्याला धीराच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. शेजारी बसवून काही शिकवणारे क्वचित. तालुक्याच्या गावी असे एखादे गायनाचे, यंत्रदुरुस्तीचे, सुतारकामाचे दार उघडे आहे का, याची चौकशी आपण किती करतो? पलुसकरांची जयंती साजरी करायची, तर हा प्रश्न आधी घ्यायला हवा.

बुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. पुन्हा एका पोरावर आघात, आणि आता आधाराला वडिलांची इमारतही नाही. पण शिष्य होते. त्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी या मुलाला आपल्याजवळ बसवून शिकवले. १९३५ मध्ये, वडिलांनी पहिले विद्यालय उघडले त्या पंजाबात, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात चौदा वर्षांचे द. वि. पलुसकर गायला बसले.