विस्मृत तबकड्यांचा हिशेब

देशोदेशींच्या दुर्लक्षित ध्वनिमुद्रिका धुंडाळून त्या नव्याने प्रसिद्ध करण्याचा जो उद्योग अलीकडे युरोप-अमेरिकेत भरभराटीस आला आहे, त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु तबकडी सापडली आणि विकली गेली एवढ्याने कार्य सिद्धीस गेले असे मानण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिला मात्र माझा विरोध आहे. ज्याने ती वाजविली त्याचे नाव आणि त्याचा मोबदला त्याच्या पदरात पडल्यावाचून हे पुनरुज्जीवन न्याय्य ठरत नाही.

इथिओपियाचे वादक हैलू मर्गिया यांचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. अदिस अबाबाच्या हिल्टन हॉटेलात वाजविणाऱ्या ‘वालियास’ या वाद्यवृंदात ते कीबोर्ड वाजवीत. १९७४ साली सम्राट हैले सेलासी पदच्युत होऊन लष्कराचा अंमल सुरू झाला, संचारबंदीची फर्माने निघाली, आणि रात्री रस्त्यावर येण्यास मनाई असल्यामुळे शहरातील संगीताच्या बैठकी पहाटेपर्यंत लांबू लागल्या. १९८१ मध्ये हा वाद्यवृंद अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा मर्गिया तेथेच राहिले. तरुणपणी वाजविलेल्या अकॉर्डियनची ओढ त्यांना परमुलखात स्वस्थ बसू देईना. म्हणून १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका लहानशा स्टुडिओत त्यांनी अकॉर्डियन, सिंथेसायझर, इलेक्ट्रिक पियानो आणि ताल धरणारे यंत्र ही सर्व वाद्ये एकट्याने वाजवून, एकावर एक मुद्रित करून, एक कॅसेट सिद्ध केली. यंत्राचा ताल कोरडा, जवळजवळ निर्विकार. आणि त्यावरून अकॉर्डियनचे सूर असे आर्त होऊन वाहतात की हा विरोधच त्या संगीताचा प्राण आहे असे वाटू लागते. मराठी कानाला तर ते परके वाटण्याचे कारणच नाही, कारण इथिओपियाचे संगीत बहुतांशी पाच स्वरांत वावरणारे असून त्यांच्या ‘तिझिता’ या स्वरावलीचे एक रूप आपल्या भूपाच्या स्वरांशी तंतोतंत जुळते.

पुढे मर्गिया उदरनिर्वाहासाठी वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर टॅक्सी चालवू लागले. दोन भाड्यांच्या मधल्या अवकाशात गाडीतच छोटा कीबोर्ड घेऊन त्यांनी आपला रियाज अखंड चालू ठेवला. ब्रायन शिमकोविट्झ या अमेरिकन संग्राहकाच्या हाती इथिओपियातील बाहिर दार या गावी ती कॅसेट लागली, तेव्हा त्याने केलेली गोष्ट या क्षेत्रातील प्रत्येकाने कित्त्यादाखल गिरवावी अशी आहे. त्याने प्रथम वादकाचा ठावठिकाणा काढला, त्यांच्याशी रीतसर करार केला, नफ्यात निम्मा वाटा देण्याचा आपला शिरस्ता येथेही पाळला, आणि मगच २०१३ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. मर्गिया मंचावर परतले. २०१८ साली ‘लाला बेलू’ हा त्यांचा नवा अल्बमही निघाला.

याच्या उलट डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिग्ज यांची गोष्ट. त्यांच्या १९७० सालच्या ‘कोल्ड फॅक्ट’ला अमेरिकेत कोणी विचारले नाही, दक्षिण आफ्रिकेत मात्र तिचा प्रचंड खप झाला, आणि त्याची वार्ताही नसलेला हा गायक वर्षानुवर्षे घरे पाडण्या-बांधण्याची मजुरी करीत राहिला. १९९८ मध्ये तेथील श्रोत्यांनी त्यांचा जयजयकार केला, हे खरे; पण विक्रीचा पैसा मधल्यामध्ये कोणाकडे गेला, हा प्रश्न त्या जयजयकाराने सुटला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी विद्युत्-वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजविले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. ती खपली नाही. २०१० मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ‘अॅसिड हाउस’ संगीताची चाहूल मुंबईला पाच वर्षे आधी लागली होती, असा गौरव पाश्चात्त्य समीक्षकांनी केला. तो गौरव सद्भावनेचा असला तरी मला अपुरा वाटतो, कारण तो या वादकाला शिकागोच्या मापाने मोजतो. बास गिटारची साथ करण्यासाठी घडविलेल्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय होती, तिच्यात त्यांना मींडेची शक्यता दिसली, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. दहाही राग सारखेच साधले आहेत असे मी म्हणणार नाही. मालकंसाचे गांभीर्य त्या धावत्या ठेक्यात टिकत नाही, भैरव मात्र खुलतो. सिंग २०१५ मध्ये निवर्तले. निदान अखेरच्या काही वर्षांत युरोपच्या मंचांवर त्यांना आपले वादन सन्मानाने सादर करता आले.

परंतु त्यांच्या पिढीच्या शेकडो वादकांना तेही लाभले नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या गोमंतकीयांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाला आकार दिला. तरी तबकड्यांच्या वेष्टनांवर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढ्यांचीच दखल घेण्याचा रिवाज असल्यामुळे वाजविणारे हात बहुधा बेदखलच राहिले. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९८२ ची तबकडी आजही कोणाच्या तरी मालकीची आहे. आणि मालकी ज्याची, त्याच्याकडे काही कर्तव्येही येतात.

म्हणून या मुद्रणांची मालकी ज्यांच्याकडे आहे त्या कंपन्यांना माझे सांगणे आहे की, परदेशातील संग्राहक येईपर्यंत थांबू नका. आपली जुनी दप्तरे उघडा, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कोणाला किती मेहनताना दिला याच्या नोंदी असतील त्या तपासा, हयात वादकांना आणि दिवंगतांच्या वारसांना गाठा, आणि पुनर्मुद्रित तबकडीवर प्रत्येकाचे नाव छापा. ज्या घरांतून असे वादक होऊन गेले, त्या घरच्या मंडळींनीही जुन्या पावत्या, दैनंदिन्या आणि छायाचित्रे रद्दीत न घालता जपून ठेवावीत. पुढेमागे हक्काचा दाखला म्हणून त्याच उपयोगी पडतील.