ड्रिल लावण्याआधी स्लॅबची ‘सोनोग्राफी’ करा

दिवाळीच्या आधीचे दोन महिने म्हणजे घरोघरी रंगकाम, फॉल्स सीलिंग, नवा एसी आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून येणारी ड्रिलची घरघर. या विषयावर डॉक्टरने कशाला लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. पण भोक चुकीच्या जागी पडलं, तर ते पाडणाऱ्याला शेवटी आमच्याकडेच आणतात.

यकृताची बायोप्सी करायची असेल, तर आम्ही आधी सोनोग्राफीवर आत बघतो आणि मगच सुई घालतो. न बघता घातली आणि रक्तवाहिनी फुटली, तर तुम्ही आम्हाला सोडणार नाही, आणि ते योग्यच आहे. मग पाच-सहा इंच जाडीच्या स्लॅबमध्ये ड्रिलचा बिट घुसवताना ‘आत काय आहे?’ हा प्रश्न आपण का विचारत नाही?

आत बरंच काही असतं. स्लॅब भरताना आधी सळ्यांची जाळी बांधतात, विजेच्या पीव्हीसी पाइप टाकतात आणि मग वरून काँक्रीट ओततात. भिंतीतली पाइप स्विचबोर्डच्या सरळ वर असेल, असा अंदाज तरी करता येतो. स्लॅबमधली पाइप मात्र पंख्याच्या बॉक्सपासून दिव्यापर्यंत जवळच्या वाटेनं, बहुधा तिरकी गेलेली असते. घराचा मालक बदलला, इलेक्ट्रिशियन बदलला, की ती वाट कुणालाच ठाऊक नसते. मॉल, ऑफिसं, मोठ्या पार्किंगचे मजले यांत तर कधीकधी ताणून बसवलेल्या पोलादी केबल असतात (पोस्ट-टेन्शन स्लॅब म्हणतात त्याला). अशा एकेका केबलवर दहा टनांहून अधिक ताण असतो. ती कापली गेली तर काँक्रीट फोडून बाहेर उसळू शकते.

घरात मुख्य धोका विजेचा. बिट चालू वायरला लागला की ड्रिलच्या पुढच्या धातूच्या भागात 230 व्होल्ट उतरतात. हात घामानं ओला, खाली लोखंडी शिडी. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळतात की पकड सोडवत नाही. त्याहून जास्त प्रवाह छातीतून गेला तर हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरत राहतं, आणि रक्त पुढे जात नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर मी नेहमी ऐकतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. दिव्यांच्या सर्किटवर तो 6 किंवा 10 अँपिअरचा असतो, आणि हृदयाचा ताल बिघडायला त्याच्या शंभराव्या भागाइतका प्रवाह पुरू शकतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरचा. तुमच्या बोर्डावर तो आहे का, हे आजच बघा. त्यावरचं ‘टेस्ट’चं बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे.

आता तपासणीबद्दल. हातात मावणारा साधा डिटेक्टर भिंतीवरून फिरवला की काही सेंटिमीटर खोलीपर्यंतची धातूची वस्तू आणि वीज चालू असलेली वायर दाखवतो. टीव्हीसाठी चार भोकं पाडायला तो ठीक. फॉल्स सीलिंगसाठी डझनावारी भोकं पाडायची असतील किंवा चिमणीसाठी कोअर कटिंग करायचं असेल, तर जीपीआर स्कॅन करणाऱ्याला बोलवा. हे यंत्र रेडिओ लहरी सोडतं आणि आतून परतणाऱ्या लहरींवरून सळई, पाइप, पोकळी कुठे आणि किती खोल आहे ते दाखवतं. त्यात एक्स-रे नसतात, त्यामुळे घरात गर्भवती किंवा लहान बाळ असलं तरी काळजी नको. काँक्रीटचं रेडिओग्राफीनं चित्र काढण्याची पद्धतही आहे, पण त्यात खरा किरणोत्सर्ग असतो आणि जागा रिकामी करावी लागते. घरगुती कामाला तिची गरज पडत नाही.

सोनोग्राफीसारख्याच याही तपासणीला मर्यादा आहेत. ओल्या स्लॅबमध्ये चित्र धूसर येतं, दाट सळ्यांच्या आडची रिकामी प्लॅस्टिकची पाइप निसटू शकते. म्हणून स्कॅन झाल्यावरही मेन स्विच बंद करायचा आणि ड्रिल बॅटरीवरचं वापरायचं. तेवढ्यावरही विसंबू नका, कारण वरच्या घराची एखादी वायर त्याच स्लॅबमधून गेलेली असू शकते.

माझं मत स्पष्ट आहे. सोसायट्या कामाची परवानगी देताना डिपॉझिट घेतात, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद म्हणजे बंद (वामकुक्षीची काळजी आपण फार मनापासून घेतो). त्याच अर्जात ‘स्लॅब तपासला का?’ हा एक रकाना घालायला काय हरकत आहे? शिडीवर चढलेला मुलगा बहुधा वीस-बावीस वर्षांचा, रोजंदारीवरचा असतो. ‘आधी तपासा, मग चढतो’ असं म्हणायची त्याची सोय नसते. ते म्हणायचं काम पैसे देणाऱ्याचं, म्हणजे तुमचं. त्याच्या नाका-तोंडावर पडणाऱ्या धुळीत सिलिका असते, हेही लक्षात असू द्या. रोज ती ओढणाऱ्याला सिलिकोसिस होतो, त्यावर औषध नाही, आणि टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच. रुमाल नको, एन-95 मास्क द्या.

आणि शॉक बसलाच तर त्याला हात लावण्याआधी मेन बंद करा. श्वास थांबला असेल तर तळपाय चोळत, पाणी पाजत बसू नका. 108 ला फोन लावायला एकाला सांगा आणि स्वतः छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर असलेला माणूस ‘काही झालं नाही’ म्हणतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण चक्कर आली असेल, छातीत धडधडत असेल, हातावर भाजल्याचा छोटासा डाग दिसत असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. कातडीवरचा डाग लहान असला तरी आतले स्नायू बरेच जळलेले असू शकतात. लघवी चहासारखी गडद झाली, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, कारण तेव्हा मूत्रपिंडं धोक्यात असतात.