पेशवे सरकारने दिलेली जागा

पुण्यात क्वार्टर गेटपाशी उभे असलेले, सिटी चर्च या नावाने सर्वपरिचित असे निष्कलंक मातेचे चर्च हे इंग्रजी अंमलाचे अपत्य होय, हा समज सुशिक्षितांतही इतका रूढ आहे की त्याचे निरसन करणे अगत्याचे वाटते. वस्तुस्थिती अशी की, इ. स. १७९२ मध्ये, म्हणजे शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढण्याच्या पंचवीस वर्षे आधी, सवाई माधवराव गादीवर आणि नाना फडणीस कारभारावर असताना, फौजेतील ख्रिस्ती शिपायांना उपासनेस स्थान असावे या हेतूने दों मिंगेल द नोरोन्हा या पदरच्या पोर्तुगीज अंमलदारास सरकारने ही जागा दिली. प्रारंभीचे मंदिर साधे, मातीचे होते. आजची वास्तू १८५२ची. लष्करातील आयरिश सोल्जरांसाठी सेंट पॅट्रिक चर्च उभे राहिले ते १८५०मध्ये, म्हणजे या देणगीनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर.

या देणगीचे मोल कळण्यासाठी १७३९ची वसई आठवावी. ज्या पोर्तुगीजांशी चिमाजीअप्पांनी निकराची झुंज दिली आणि ज्यांच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरी व खुद्द नाना फडणिसांच्या मेणवलीस आजही टांगलेल्या दिसतात, त्यांच्याच धर्माच्या प्रार्थनामंदिरास त्याच पेशव्यांच्या राजधानीत त्रेपन्न वर्षांनी जागा मिळावी, यात मला कोणताही विरोध दिसत नाही. वैर राजसत्तेशी होते. चाकरीस असलेल्या माणसाच्या श्रद्धेशी नव्हते. फौजेला अशा माणसांची गरज होती, हेही खरे. परंतु गरजेपोटी का होईना, परधर्मीय शिपायाचा देव आपल्या शहरात सन्मानाने नांदू देणारी राज्यव्यवस्था मला थोर वाटते, आणि तिचे श्रेय तिला न देणे हा पेशवाईवरच अन्याय आहे.

दर वर्षी ८ डिसेंबरला येथे निष्कलंक मातेचा सण साजरा होतो. पुण्याचा इतिहास दाखवणाऱ्यांनी आपली वाट शनिवारवाडा आणि विश्रामबागवाड्यापाशी न संपवता येथवर आणावी. पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांनी या जागेसंबंधीच्या कागदांचा शोध घ्यावा. आणि पुणे महापालिकेने चर्चच्या दारापाशी, चर्चच्या संमतीने, सवाई माधवराव व नोरोन्हा या दोघांची नावे असलेला एक मराठी फलक लावावा.